छताखालचा ड्रोन: अरुंद जागेत एफपीव्हीने शूटिंग कसं करायचं

मोकळ्या रानात ड्रोनचा वारा खाली जातो आणि विरून जातो. खोलीत तो जमिनीवर आदळतो, भिंतीला लागून वर चढतो आणि परत ड्रोनच्याच अंगावर येतो. नवख्यांना भीती भिंतींची वाटते, पण भिंत निदान दिसते तरी. हा स्वतःचाच वारा दिसत नाही आणि ड्रोन हलवण्यापासून धूळ उडवून शॉट घालवण्यापर्यंत सगळे उद्योग तोच करतो. ड्रोन किती मोठा घ्यायचा, किती उंचीवरून न्यायचा, कुठे वळवायचा, हे बंद जागेत बहुतेक वेळा या वाऱ्यावरूनच ठरतं.

लग्नाचं शूटिंग, अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ, जिनिंग किंवा डाळमिलची जाहिरात अशी कामं करणाऱ्यांना कॅमेरा माहीत असतो, एफपीव्ही, म्हणजे ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र गॉगलमध्ये पाहत तो उडवणं, नवं असतं. पुढची माहिती त्यांच्यासाठी आहे.

आधी फीत, मग ड्रोन

वाटेतली सगळ्यांत अरुंद जागा मोजा. दाराची चौकट असेल, दोन यंत्रांमधली फट असेल, जिन्याचं वळण असेल. ड्रोनच्या बाहेरच्या रुंदीच्या तिप्पट जागा असली तर नवख्याने त्यातून जावं. दुप्पट असली तर हात बसलेल्याने जावं. त्याहून कमी असेल तर शॉट बदला, हट्ट धरू नका.

बंद जागेसाठी साधारण तीन आकार चालतात.

पहिला ७५ मिमीचा व्हूप, म्हणजे पात्यांभोवती गार्ड असलेला चिमुकला ड्रोन. ७५ मिमी म्हणजे समोरासमोरच्या तिरप्या मोटरांमधलं अंतर, प्रॉप म्हणजे फिरणारे पंखे, ते ४० मिमीचे. गार्डसकट रुंदी १० सेंमीच्या आसपास. छोटं डिजिटल कॅमेरा युनिट आणि बॅटरी धरून वजन ४० ते ६० ग्रॅम. तीन-चार मिनिटं उडतो, वारा कमी टाकतो, आणि कुणाला लागलाच तर खरचटण्यावर भागतं. घर, दुकान, सराफी पेढी, केळीच्या ओळी यांसाठी हाच घ्या. पहिला ड्रोनही हाच असावा.

दुसरा अडीच इंची सिनेव्हूप, म्हणजे प्रॉपभोवती डक्ट (बंद कडं) असलेला, ४ सेलच्या बॅटरीवर चालणारा. रुंदी १६ ते १८ सेंमी. चांगलं कॅमेरा युनिट बसवूनही २५० ग्रॅमच्या आत ठेवता येतो, पण त्यासाठी बॅटरी जपून निवडावी लागते. ६५० एमएएचच्या जागी ८५० लावली की काटा पुढे सरकतो. जिन, गोदाम, मोठा हॉल यांत तो शोभतो.

तिसरा साडेतीन इंची, पूर्ण ॲक्शन कॅमेरा उचलणारा, ४०० ते ६०० ग्रॅमचा. चित्र सुंदर येतं, पण खोलीत त्याचा वारा भिंतीवरची कॅलेंडरं उडवतो. घरात तो नकोच.

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो गटात येतो आणि हे वजन बॅटरी-कॅमेऱ्यासकट धरायचं असतं. नॅनोसाठी रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, आणि मायक्रोवर पैसे घेऊन काम करायचं तर प्रमाणपत्र लागतं. म्हणून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा हे या धंद्यातलं पहिलं हत्यार समजा.

फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे, सुट्या भागांना नाही. त्यामुळे आपल्याकडचे बहुतेक एफपीव्हीवाले सुटे भाग आणून स्वतः जोडतात. तात्पर्य, सोल्डरिंग शिकून घ्या. मोटरची तार तुटली तर जळगावात काय नि शहाद्यात काय, दुकानात टाकून मिळणारी ही दुरुस्ती नाही.

रिमोट, गॉगल आणि पत्र्याचं शेड

रिमोट ईएलआरएस (रिमोट आणि ड्रोन जोडणारी एक रेडिओ पद्धत) २.४ गिगाहर्ट्‌झचा घ्या. परदेशी व्हिडिओत दिसणारा ९१५ मेगाहर्ट्‌झचा संच मागवू नका, तो पट्टा आपल्याकडे या कामासाठी मोकळा नाही.

चित्रासाठी दोन मार्ग आहेत. ॲनालॉग स्वस्त आणि हलकं. सिग्नल खराब झाला की मुंग्या येतात, पण चित्र चालू राहतं. डिजिटल स्वच्छ असतं आणि काही युनिटमध्ये ४के रेकॉर्डिंगही होतं, मात्र सिग्नल तुटला की चित्र गोठतं, आणि गोठलेल्या अर्ध्या सेकंदात खांब येतो. डीजेआय कंपनीचं ओ४ हे कॅमेरा युनिट सुमारे ८ ग्रॅमचं असल्यामुळे ७५ मिमीच्या व्हूपवरही ४के शक्य झालं आहे. ज्याला फुटेज विकायचं आहे त्याने डिजिटल घ्यावं. ज्याला आधी हात बसवायचा आहे त्याने ॲनालॉगवर चार-सहा महिने काढले तरी काही बिघडत नाही.

पत्र्याच्या शेडमध्ये सिग्नल छताला, भिंतींना लागून उलटसुलट परततो. अशा ठिकाणी पॉवर वाढवून उपयोग नसतो. २५ मिलिवॅट पुष्कळ झाले; जास्त पॉवरने ट्रान्समीटर तापतो तेवढाच. फरक पडतो तो तुमच्या उभं राहण्याच्या जागेने. वाटेच्या मधोमध, दाराच्या चौकटीत, दोन्हीकडे थेट नजर जाईल असं उभं राहा. लोखंडी कपाट किंवा गठाणींची थप्पी पाठीशी चालेल, समोर नको.

बीटाफ्लाइटमधल्या गरजेच्या गोष्टी

बीटाफ्लाइट म्हणजे ड्रोनच्या उड्डाणाची सेटिंग ठरवणारं सॉफ्टवेअर. संगणकाला जोडण्याआधी प्रॉप काढा. दर वेळी. मग एवढं करा:

१. फेलसेफ ‘ड्रॉप’वर ठेवा. सिग्नल गेला की मोटर बंद, ड्रोन खाली. छताखाली जीपीएस मिळत नाही, तेव्हा परत येण्याच्या सोयीवर विसंबू नका. तपासायला प्रॉप काढून आर्म करा, म्हणजे मोटर चालू करा, आणि रिमोट बंद करा. मोटर आपोआप थांबल्या पाहिजेत.

२. थ्रॉटल म्हणजे मोटरला दिलेला जोर. त्याचं लिमिट ‘स्केल’ प्रकाराने ७० टक्क्यांवर आणा. घाबरल्यावर बोट वर जातं आणि ड्रोन छताला चिकटतो. या मर्यादेने तो धक्का सौम्य होतो.

३. रेट, म्हणजे ड्रोन वळण्या-कलण्याचा वेग, कमी करा. सुरुवातीला कमाल रेट सेकंदाला ६७० अंशांच्या आसपास असतो. चित्रीकरणाला ४०० ते ४५० पुरे.

४. कॅमेऱ्याचा कोन १० ते १५ अंश. कोन जितका जास्त तितकं क्षितिज नीट दिसायला ड्रोन वेगात न्यावा लागतो. ३० अंशांवर कॅमेरा ठेवून स्वयंपाकघरातून हळू जाता येत नाही.

५. टर्टल मोड एका स्विचवर ठेवा, म्हणजे उलटा पडलेला ड्रोन सरळ करता येतो. तो कुठे वापरायचा नाही ते पुढे येतंच.

अँगल मोड की ॲक्रो? अँगलमध्ये काडी सोडली की ड्रोन आपोआप सपाट होतो, ॲक्रोमध्ये होत नाही. पहिली कामं अँगलमध्ये करा, कोनाची मर्यादा ३० ते ३५ अंश ठेवून. ॲक्रोमधली वळणं जास्त लोण्यासारखी येतात हे खरं, पण लोणी निघायला सिम्युलेटरवर घुसळावं लागतं. व्हेलोसीड्रोन, अनक्रॅश्ड, लिफ्टऑफ: कुठलाही चालेल, फक्त त्यातला छोट्या ड्रोनचा प्रकार निवडा आणि तोच रिमोट संगणकाला जोडा, गेमपॅड नको.

घरचा सराव साधा आहे. बाजेखालून शिरायचं, पायाशी बाहेर निघायचं, अर्धं वळण घेऊन दारातून ओसरीत जायचं आणि परत यायचं. एकाच बॅटरीत हा फेरा पाच वेळा न धडकता झाला की वेग न वाढवता उंची बदला: पहिला फेरा गुडघ्याएवढ्या, दुसरा छातीएवढ्या उंचीवर. नवख्यांचा थ्रॉटल वळणावर सुटतो. वळताना ड्रोन कलतो, उचल कमी होते, तो खाली बसतो, मग घाईघाईने वर उचलला जातो, आणि शॉटमध्ये तो हेलकावा स्पष्ट दिसतो. वळणाच्या किंचित आधी थ्रॉटल द्यायची सवय हाच या सरावाचा गाभा.

वारा कसा वागतो

छताच्या अगदी जवळ गेलं की ड्रोन वर ओढला जातो, कारण प्रॉपच्या वर हवा यायला वाट उरत नाही आणि दाब कमी होतो. सुटायला थ्रॉटल कमी करावा लागतो. घाबरलेला माणूस नेमका उलटं करतो. जमिनीलगत याच्या विरुद्ध घडतं, ड्रोन गादीवर तरंगल्यासारखा होतो आणि खाली बसायला तयार नसतो.

एकाच जागी सरळ खाली उतरू नका. ड्रोन आपल्याच खळबळीत शिरतो आणि थरथरतो. ही थरथर स्टॅबिलायझेशनलाही पुरती पुसता येत नाही. पुढे सरकत, उतारावरून उतरल्यासारखं खाली या. लहान खोलीत एका जागी दहा सेकंद घिरट्या घातल्या तरी सगळी हवा ढवळून निघते, त्यामुळे दोन टेकच्या मध्ये अर्धा मिनिट थांबा.

खान्देशातल्या जागा

जिनिंग-प्रेसिंग म्हणजे एफपीव्हीसाठी सोन्यासारखी जागा: कापसाचे डोंगर, यंत्रांच्या लांब ओळी, शेवटी प्रेसमधून निघणारी गठाण. हंगाम दिवाळीनंतर फेब्रुवारी-मार्चपर्यंत. आणि ड्रोनला सगळ्यांत जास्त जाच होतो तोही इथेच. हवेत रुईचे बारीक तंतू तरंगत असतात. ते मोटरच्या घंटेखालून, म्हणजे तिच्या फिरत्या टोपीखालून, आत शिरतात आणि दांड्याभोवती गुंडाळतात. मोटरला जोर जास्त लागतो, ती तापते, मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ईएससी सर्किटवर ताण येतो; दुर्लक्ष केलं तर ईएससी जळतं. आधीची खूण म्हणजे आवाज बदलतो आणि ड्रोन एका कोपऱ्याकडे कलल्यासारखा वाटतो. म्हणून जिनमध्ये प्रत्येक बॅटरीनंतर चारही मोटर बोटाने फिरवून बघा. सुटसुटीत फिरली पाहिजे, जराही अडली तर टोकदार चिमट्याने तंतू काढा. फुंकर मारू नका, तंतू आणखी आत जातात.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. ड्रोनची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी आपटून फाटली तर पेट घेते, आणि खाली कापूस आहे. कापसाच्या ढिगावरून किंवा सुट्या रुईवरून ड्रोन नेऊ नका. ढीग बाजूने, सिमेंटच्या वाटेवरून दाखवा. रुंद लेन्समध्ये तो तसाही अंगावर येतो. रुईत पडलेला ड्रोन टर्टल मोडने सरळ करू नका. प्रॉप अडकलेले असताना मोटरला जोर दिला की तारा जळतात. लगेच डिसआर्म करा, चालत जा, हाताने उचला, बॅटरी काढा. चार्जिंग शेडच्या बाहेर, कापसापासून लांब. वाळूची बादली भरून ठेवा आणि ती कुठे आहे हे तिथल्या फिटरला दाखवून ठेवा. चालू यंत्राचे पट्टे, रोलर आणि कापूस ओढणारे पाइप यांच्यापासून किमान दहा फूट अंतर ठेवा. जवळचे शॉट जेवणाच्या सुट्टीत, यंत्रं बंद असताना घ्या.

केळीच्या बागेत रावेर-यावलकडे ओळींमधून जाणारा शॉट सगळ्यांनाच हवा असतो. दुरून वाट मोकळी दिसते, पण जुन्या पानांच्या फाटलेल्या चिरोट्या लोंबत असतात आणि घडांना आधार म्हणून बांधलेल्या पट्ट्या गॉगलमध्ये अजिबात दिसत नाहीत. ओळ आधी स्वतः वाकून चाला, लोंबणारी वाळकी पानं मालकाला विचारून काढून घ्या, प्रत्येक पट्टीवर रंगीत चिंधी बांधा आणि टेकच्या आधी सोडा. तोवर जागा डोक्यात बसलेली असते. व्हूपच न्या. अडीच इंचीच्या वाऱ्याने पानं अशी फडफडतात की वादळात शूट केल्यासारखं दिसतं.

केळी पिकवण्याच्या चेंबरमध्ये तापमान १६ ते १८ अंश आणि दमटपणा भरपूर असतो. आत शिरण्याआधी दार उघडून हवा खेळती करा, कारण पिकणारी केळी कार्बन डायऑक्साइड सोडतात. चेंबरचे पंखे शॉटपुरते बंद ठेवायला सांगा, नाहीतर क्रेटच्या भिंतींमध्ये ड्रोन तिरका वाहतो. पावसाळ्यात बाहेर येताना थंड लेन्सवर लगेच वाफ धरते, तेव्हा आतून बाहेर येणारा शॉट टाळा, बाहेरून आत जाणारा घ्या.

जुन्या धाब्याच्या घरात छताकडून माती गळते. ड्रोन छताजवळ गेला की मातीचा पाऊस पडतो आणि लेन्स गेली. कंबरेएवढ्या उंचीवरून उडवा. मातीच्या जमिनीवर तासभर आधी सडा मारून घ्या, ताजी सारवलेली असेल तर उत्तम. लोंबणारी बल्बची वायर वर बांधा.

मंडपात पंखे बंद, झालरींच्या दोऱ्या तपासलेल्या, आणि माणसांच्या डोक्यावरून उड्डाण नाही. डक्ट आहे म्हणून कुणाला लागणार नाही असं समजू नका. पाव किलोचा ड्रोन वेगात आला तर डोळा जाऊ शकतो. अक्षता पडताना तर उडवूच नका, तांदळाचा दाणा फिरत्या प्रॉपवर बसला की पातं चिरतं. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवरून कमी उंचीने जाण्याचा मोह आवरा. बिया आणि तिखट उडतं, आणि सगळ्यात आधी ठसका लागतो तो गॉगल घातलेल्याला.

कॅमेरा

आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. म्हणून २५ किंवा ५० फ्रेम, आणि शटर १/५० किंवा १/१००. १/६० किंवा १/१२० ठेवलं की ट्यूबलाइटचे पट्टे फिरताना दिसतात, आणि एडिटिंगमध्ये ते जात नाहीत. पुढे गायरोफ्लो या सॉफ्टवेअरने स्टॅबिलाइझ करणार, म्हणजे चित्र स्थिर करणार, असाल तर १/१०० घ्या, कारण हालचालीचा पुसटपणा जास्त असेल तर स्थिर केलेल्या चित्रात तो धडधडल्यासारखा दिसतो. गायरोफ्लो वापरायचं तर कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन बंद हवं. दहा सेकंदांची क्लिप घेऊन ती सॉफ्टवेअरमध्ये उघडते का हे आदल्या दिवशी घरीच पाहा.

एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स कुलूप लावल्यासारखे पक्के ठेवा. ऑटोवर दारातून बाहेर जाताना चित्र उजळतं-मंदावतं आणि हौशी काम लगेच ओळखू येतं. खान्देशातल्या उन्हात आत-बाहेरचा फरक इतका असतो की दोन्ही एका सेटिंगवर नीट येत नाहीत. शॉटचा जीव जिथे आहे तिथलं एक्स्पोजर धरा, किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर घ्या.

ड्रोनवरचा आवाज कामाचा नसतो. तीच वाट मोबाइल किंवा रेकॉर्डर घेऊन चालत जा आणि यंत्रांचा, माणसांचा आवाज वेगळा घ्या. एडिटिंगमध्ये हाच आवाज शॉटला खरेपणा देतो, आणि बहुतेक जण हे पाच मिनिटांचं काम विसरतात.

बॅटरी आणि मे महिना

प्रत्येक सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट, एचव्ही (जास्त व्होल्टेजची) असेल तर ४.३५. उडताना ३.५ दिसला की उतरा. चार्जिंग १सी ने, म्हणजे ८५० एमएएचला ०.८५ अँपिअर. फुगलेली बॅटरी वापरू नका. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा बॅटऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवर राहता कामा नयेत. बर्फ नसलेल्या थर्माकोलच्या डब्यात ठेवा. कॅमेरा युनिट उडताना प्रॉपच्या हवेने थंड राहतं, जमिनीवर चालू ठेवलं की लवकर तापतं आणि बंद पडू शकतं. म्हणून ‘रेडी’ म्हटल्यावरच बॅटरी लावा, सेटिंग बदलायची असेल तर समोर टेबलफॅन लावा.

शूटच्या दिवशीचा क्रम

१. वाट चाला. मग मोबाइलचा कॅमेरा ड्रोनच्या उंचीवर धरून तीच वाट पुन्हा चाला आणि दिग्दर्शकाला दाखवा. निम्मे बदल इथेच होतात, बॅटरी न खर्चता.

२. प्रॉप काढलेला, चालू ड्रोन सोबत्याच्या हातात द्या. तो वाट चालेल, तुम्ही गॉगलमध्ये चित्र कुठे तुटतं ते पाहा. तुटलं तर आपली उभी राहण्याची जागा बदला.

३. पंखे, कूलर बंद, खिडक्या लावलेल्या, लहान मुलं बाहेर.

४. सोबत्याचं काम एकच: तुमच्या खांद्याशी उभं राहून ड्रोनकडे आणि दाराकडे पाहणं. कुणी मध्ये आलं तर तो ‘खाली’ म्हणेल आणि तुम्ही विचार न करता डिसआर्म कराल. हा शब्द आधी ठरवा, सगळ्यांना सांगा.

५. पहिली बॅटरी रंगीत तालमीची, माणसांशिवाय, पण रेकॉर्डिंग चालू ठेवून. कधीकधी तोच टेक सर्वांत चांगला निघतो.

६. वेग चालण्याएवढा. पडद्यावर रुंद लेन्समुळे तो दुप्पट वाटतो.

७. उतरल्यावर आधी डिसआर्म, मग बॅटरी बाहेर, मग गॉगल काढून शाबासकी.

शॉटचा शेवट दारातून बाहेर आकाशात जाणार असेल तर सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळाच्या नकाशावर ती जागा कोणत्या झोनमध्ये येते ते पाहा. ग्रीन झोनमध्येही मर्यादा ४०० फुटांची आहे. जळगावला विमानतळ, भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी; या बाजूला नकाशा न पाहता बाहेर चढूच नका. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत लेखी परवानगी लागते, फक्त आतून उडवणार असलात तरी. सण किंवा निवडणुकीच्या काळात जिल्ह्यात ड्रोनबंदीचे आदेश निघतात, तेव्हा पोलीस ठाण्यात आधी विचारून घ्या.

घरी आल्यावर प्रॉप काढून कडेवरून नख फिरवा. खाच लागली तर पातं टाकून द्या. त्याच्या थरथरीने चित्र जेलीसारखं हलतं आणि माणूस उगाच सेटिंग बदलत बसतो. मोटर कोरड्या ब्रशने साफ करा. उरलेल्या बॅटऱ्या सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि डब्याचं झाकण घट्ट लावू नका.